घाबरलेल्या अंगानं नाचायला सुरुवात कशी करायची

नाचाच्या खोलीची कडी कोणी लावायची, हे पहिले ठरवा. गाणं, कपडे, वेळ सगळं नंतर. माझ्याकडे नवीन बाई आली की मी तिला दाराशी नेते आणि विचारते, "उघडं ठेवू, लोटून घेऊ, की कडी लावू?" काही जणींचा बंद दारात जीव घुसमटतो. काही जणींना उघड्या दाराकडे पाठ करून उभंच राहवत नाही, सारखी मान वळते. मी स्वतः दुसऱ्या प्रकारातली. सासरी मागून येणाऱ्या पावलांचा अंदाज घेत इतकी वर्षं काढली, की माहेरी परत आल्यावरही पाठीशी भिंत नसली तर मान आखडायची. म्हणून घरी एकटीनं करणार असाल तर खोलीत चारही दिशांना उभं राहून बघा. कुठं तोंड केल्यावर श्वास खाली जातो? तीच तुमची दिशा. देव कुठं आहेत आणि आरसा कुठं आहे यावर ती ठरवू नका.

मी नागपूरला नंदनवनात घराच्या वरच्या मजल्यावर कथक शिकवते. संध्याकाळी शाळकरी पोरी असतात, सकाळी बायका. सकाळच्या बॅचमधल्या बऱ्याच जणी काही ना काही सोसून आलेल्या. कोणाला घरात मार, कोणाला वर्षानुवर्षं "तुला काय जमते" हे ऐकणं, कोणाचं लहानपणीचं. कोणी सांगतं, कोणी नाही. मी विचारत नाही. मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकते. मला ठेका येतो आणि घाबरलेलं अंग ओळखता येतं, एवढंच माझं भांडवल.

आधी हे बघून घ्या

मारणारा माणूस अजून त्याच घरात असेल तर नाच नंतर. आधी सुटका. ११२ वर पोलीस मिळतात, १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ चा आहे, आणि वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून अडून बसू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातर्फे बाईला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. आपल्या जिल्हा न्यायालयात जाऊन विचारलं की सांगतात.

जीव द्यावासा वाटतो, झोपच लागत नाही, जुनं दृश्य डोळ्यासमोर येऊन आपण कुठं आहोत तेच कळेनासं होतं, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालतो, मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत. मेडिकलमध्ये, म्हणजे आपल्या सरकारी मेडिकल कॉलेजात, मानसोपचाराचा विभाग आहे, आणि प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या ओपीडीतही दाखवता येतं. तिथं जाण्याला आपल्याकडे उगाच नाव ठेवतात. गोळ्या चालू असतील तर "आता मी नाचते, बरं वाटते" म्हणून मनानं बंद करू नका. कानावर मार बसलेला असेल, डोक्याला लागलेलं असेल, गुडघा किंवा कंबर जुनी दुखत असेल, बीपी असेल, तर एकदा डॉक्टरला विचारून मगच उभ्या राहा.

आता नाचच का, हे थोडक्यात. भीती वाटली की अंग पळायला नाहीतर लढायला तयार होतं. छाती धडधडते, श्वास वरच्यावर चालतो, मांड्या ताठरतात. पळताही येत नाही आणि लढताही येत नाही तेव्हा ते गोठतं. हे वर्षानुवर्षं झालं की धोका गेल्यावरही अंगाला ते पटत नाही. कुकरची शिट्टी, कोणी ओट्यावर आदळलेलं भांडं, गेटशी थांबलेली मोटरसायकल, एवढ्यावर पुन्हा तेच सुरू. डोक्यानं कितीही समजावलं तरी थांबत नाही. ठेक्याचं तसं नाही. पुढे काय येणार ते ठेका आधीच सांगून ठेवतो, आणि तो रोज तेच, तिथंच आणतो. ज्या घरात पुढच्या क्षणी काय होईल याचा भरवसा नव्हता, तिथून आलेल्या अंगाला ही फार मोठी सोय आहे.

नाचाचा असा उपयोग करणं नवीनही नाही. वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स रुग्णालयात मेरियन चेस नावाच्या नर्तिकेनं १९४२ पासून मनोरुग्णांसोबत काम सुरू केलं. ती स्टेप्स बसवत नसे. समोरचा जसा हलेल तसं आधी आपण हलायचं, मग हळूहळू त्याला सोबत घ्यायचं. १९६६ मध्ये अमेरिकेत नृत्योपचार करणाऱ्यांची संघटना झाली, तिची पहिली अध्यक्ष तीच. आपल्याकडे सोहिनी चक्रवर्ती यांनी २००४ मध्ये कोलकात्यात 'कोलकाता संवेद' ही संस्था काढली आणि तस्करीतून सुटलेल्या मुलींसोबत नाचातून काम केलं. हे शिकलेले उपचारक वेगळे आणि माझ्यासारखी क्लास घेणारी वेगळी, हा फरक लक्षात ठेवा. गल्लीतल्या क्लासच्या पाटीवर कोणी 'थेरपी' लिहिलं असेल तर कुठं शिकलात, कोणाच्या हाताखाली काम केलं, हे खुशाल विचारा.

पहिला धडा: थांबणं

माझ्या सगळ्या शिकवण्यात मला एवढीच गोष्ट ठासून सांगायची असते. बाकीचे क्लास पहिल्या दिवशी हलायला शिकवतात, मी थांबायला शिकवते.

फोनवर तीनतालाचा लेहरा लावा, म्हणजे सोळा मात्रांच्या तालावर फिरून फिरून येणारी धून. नुसता हार्मोनियमचा किंवा सारंगीचा, मिनिटाला साठ मात्रांच्या, म्हणजे ठोक्यांच्या, आसपास. आवाज बेताचा. फोन हातातच ठेवा, अंगठा बटणावर. खोलीत चाला. साधं चालणं, स्वयंपाकघरातून बाहेर येतो तसं. मनात येईल तेव्हा, तालाची पर्वा न करता, बटण दाबा आणि जिथं असाल तिथं उभ्या राहा. काय होतं ते बघा. खांदे कुठं आहेत? दात आवळलेत का? श्वास सोडा, घेतल्यापेक्षा लांब. चार मोजत आत, सहा-सात मोजत बाहेर. अंग निवलं की परत बटण दाबा, परत चाला. पहिला आठवडा एवढंच.

"ताई, यात नाच कुठे आहे?" हे मला प्रत्येकीनं विचारलेलं आहे. अहो, तुमच्यावर जे झालं त्यात "नको" म्हटलेलं कोणी ऐकलं नव्हतं ना? इथं तुमच्या अंगठ्यानं आवाज थांबतो. आणि तुम्ही म्हणाल तेव्हाच परत सुरू होतो. हे अंगाला पुन्हापुन्हा दाखवायचं आहे. डोक्याला ते आधीच माहीत असतं, अंगाला नसतं.

माझ्या वर्गातही हाच नियम आहे. कोणीही, कधीही "बस" म्हटलं की तबला बंद. तबल्यावर महाल भागातले एक काका येतात, आयुष्यभर मैफलींची साथ केलेले. सुरुवातीला फार चिडायचे. "बाई, सम तर येऊ द्या, बाप्पा! असं मधातच कोणी तोडते का?" सम म्हणजे तालाच्या फेऱ्याची पहिली मात्रा. तिथं न पोचताच तोडलं की त्यांना बिचाऱ्यांना तालाचा अपमान वाटायचा. आता कोणाचे ओठ हलले तरी त्यांचा हात आधी वर होतो.

आणखी दोन गोष्टी. डोळे उघडे ठेवा. "डोळे मिटा आणि वाहून जा" असं सांगणारे व्हिडिओ ढिगानं सापडतील. ज्यांच्या मिटल्या डोळ्यांसमोर नको ते येतं त्यांच्यासाठी ते नाहीत. आणि गाणं बिनशब्दाचं घ्या. सिनेमाची गाणी सोबत काय घेऊन येतील सांगता येत नाही. वरातीत वाजलेलं एक गाणं मला अजून चालत नाही, आणि ते नेमकं फार छान गाणं आहे.

पाय

चालणं आणि थांबणं बसलं की तत्कार. कथकची ही पहिली पायरी, आणि माझ्या मते घाबरलेल्या अंगासाठी यापेक्षा चांगली गोष्ट कुठल्या नाचात नाही, कारण इथं सगळं तळपायात आहे आणि चेहऱ्यानं काहीच करायचं नाही.

पाय जवळ, गुडघे सैल, वजन दोन्ही पायांवर. बोल तोंडानं म्हणायचे: ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. पहिल्या चारला उजवा, डावा, उजवा, डावा. दुसऱ्या चारला डाव्यानं सुरुवात: डावा, उजवा, डावा, उजवा. म्हणजे चौथ्या आणि पाचव्या मात्रेला सलग डावाच पाय पडतो, आणि आठ संपून परत पहिल्यावर येताना सलग उजवा. इथंच सगळ्या अडखळतात, आणि म्हणूनच हे कामाचं आहे. मन त्या घरात, त्या रात्रीत गेलं की नेमका तिथं पाय चुकतो. चुकला म्हणजे कळलं, आपण खोलीत नव्हतो. स्वतःला रागावायचं नाही, ता पासून परत. आठ मात्रा दोनदा केल्या की तीनतालाचं एक आवर्तन, सोळा मात्रा पुरी होतात.

पूर्ण तळवा जमिनीवर ठेवा, आपटू नका. आपल्याकडे घरोघरी टाइल्स, त्यावर जोरात पाय मारले की टाचा आणि पोटऱ्या दोन दिवसांत बोलायला लागतात. सतरंजी घालाल तर ती सरकते, घालू नका. शहाबादी असेल तर उत्तम. उन्हाळ्यात कूलरसमोर नाचायची हौस असते, पण त्याची ओल टाइलवर उतरते आणि पाय निसटतो. मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा सकाळी सहाला करा किंवा सुट्टी घ्या. गच्चीचा विचारही नको. करायच्या आधी पाणी, नंतर मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी. उपाशीपोटी तर मुळीच नको. आपल्या बायकांना उपासांची काही कमी नाही, आणि रिकाम्या पोटी येणारी चक्कर घाबरलेल्या अंगाला धोक्यासारखीच वाटते.

रडू येईल. कधी मांड्या थरथरतील, कधी हसू येईल, कधी काहीच वाटणार नाही आणि तेच विचित्र वाटेल. अशा वेळी "बस" म्हणा. दोन्ही तळहात भिंतीवर टेकवा आणि भिंत ढकला, जोर लावून. खोलीत दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं घ्या: पंखा, कॅलेंडर, सुरई, खिडकी, चप्पल. मनगटांवर गार पाणी घ्या. त्या दिवशीचा सराव तिथं संपला तरी चालतं. "बाहेर येऊ दे सगळं, थांबवू नको" असं म्हणून धक्का देत राहणाऱ्या मास्तरणीपासून लांब राहा. रडणं म्हणजे बरं होणं, असं काही नसतं. रडल्यावर जमिनीवर परत येता येणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

रात्री झोपायच्या आधी करू नका, झोप उडते. सकाळी, किंवा संध्याकाळी स्वयंपाकाला लागायच्या आधी. ज्या तारखेला ते सगळं घडलं त्या तारखेच्या आसपास अंग आपोआप जड होतं, कॅलेंडर न बघताही. त्या दिवसांत तत्कार नको, पहिल्या आठवड्यातलं चालणं-थांबणं करा.

हात

पायांचं महिनाभरात बसतं. हातांना किती वेळ लागेल ते सांगता येत नाही.

मार खाल्लेल्या बाईचे कोपर बघा. बरगड्यांना चिकटलेले असतात. पोट, छाती, चेहरा झाकायला हात तयार ठेवायची सवय. कथकमध्ये उभं राहायची पहिली मुद्राच अशी, की हात छातीसमोर, कोपर खांद्याच्या रेषेत, दोन्ही बाजूंना उघडे. म्हणजे बरगड्या उघड्या पडल्या. बाकीच्यांना दिसताना यात काहीच नाही. आमच्या सकाळच्या वर्गात यावर घाम फुटतो.

मी असं करते. भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, म्हणजे मागची चिंता मिटली. कोपर आणि बरगडी यांच्यात एक काडेपेटी धरायची. पडू द्यायची नाही, दाबायचीही नाही. ते जमलं की काडेपेटी आडवी होती ती उभी धरायची. मग छोटी वाटी. मग वितभर. प्रत्येक अंतरावर चार दिवस, सहा दिवस, जितके लागतील तितके. घाई करून हात वर नेला तर खांदा कानापर्यंत चढतो, बघणाऱ्याला कळतं की अंगाला अजून पटलेलं नाही.

एक बाई होती आमच्याकडे, पन्नाशीच्या पुढची. नेहमी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या डझन डझन. स्कूटीवरून मुलगी सोडून जायची, तोंडाला बांधलेला स्कार्फ ती वर्गातही सोडायची नाही. मी म्हटलं, राहू द्या. काडेपेटीपासून वाटीपर्यंतच कितीतरी दिवस गेले. "ताई, माह्यानं नाही होत हे, मी इकडंच बसते." बसा. ती बसल्या बसल्या बोल म्हणायची, आणि तिचा आवाज सगळ्यांत चोख. नंतर एका सकाळी भिंतीला पाठ लावून तिनं हात डोक्याच्या वर नेले, आणि दोन्ही हातांतल्या बांगड्या मनगटावरून घसरत पार कोपरापर्यंत खाली आल्या. खळ्ळकन. तिनं वर मान करून आपल्याच उघड्या मनगटांकडे पाहिलं. तिथं बांगड्यांखाली कातडी उजळ राहिलेली होती, पट्टाच पडलेला. "बघा न," ती म्हणाली, "कधी वरच नाही गेले हात. कपडे बी मी खालच्या दोरीवर वाळू घालते." कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आमच्याकडे वाजवत नाहीत. काकांनी ठेका धरला आणि पुढे सुरू झालो.

हात उघडले की नजर. 'अभिनयदर्पण' या जुन्या ग्रंथात सांगितलंय, यतो हस्तस्ततो दृष्टिः, जिथे हात तिथे नजर. खाली मान घालून राहायला शिकवलेल्या बाईला "समोर बघ, डोळ्यात डोळे घालून बघ" असं म्हटलं की ती अजून मिटते. तिला सांगायचं, फक्त तुझ्या हाताकडे बघ. हात उजवीकडे गेला, नजर उजवीकडे. हात वर, नजर वर. महिन्या-दोन महिन्यांनी लक्षात येतं की मान आपोआप उचललेली आहे. आरसा तोवर चादर टाकून झाकून ठेवा. आरशात आपण स्वतःला बघत नसतो, ज्यानं नावं ठेवली त्याच्या नजरेनं बघत असतो.

गिरक्यांची घाई नको. डोक्याला, कानाला मार बसलेल्यांनी तर डॉक्टरच्या होकाराशिवाय घेऊच नयेत.

सम तुमची

आता पहिल्या धड्याकडे परत, पण तालात. थांबणं दोन प्रकारचं असतं. एक घाबरून गोठणं. दुसरं, मी ठरवलं होतं तिथं, ठरवलं होतं तेव्हा येऊन उभी राहिले. तालात दुसऱ्याला समेवर येणं म्हणतात, आणि तिथं पोचायची सगळ्यांत मजेची वाट म्हणजे तिहाई. एकच तुकडा तीनदा, आणि शेवटचा पाय बरोबर समेवर.

ही एक सोपी घ्या. तीनतालात पहिल्या आठ मात्रा तत्कार करा. नवव्या मात्रेला, जिथं 'खाली', म्हणजे टाळीऐवजी हात मोकळा दाखवायची जागा, येते, तिथून: तत् तत् थेई, तत् तत् थेई, तत् तत् थेई. तीन तीन मात्रांचे तीन तुकडे, नऊ मात्रा झाल्या, आणि शेवटचा थेई पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर पडतो. तिथं थांबा. हात हवे तसे ठेवा. चुकलं तर सम येऊन निघून गेलेली असते, सोळा मात्रांनी परत येते, कुठं पळून जात नाही.

ही जमली की प्रत्येकीनं स्वतःची तिहाई बांधायची, असा आमच्याकडे रिवाज आहे. बोल काहीही चालतात. एकीनं आपल्या तिन्ही बकऱ्यांची नावं घातली होती. पण बांधायची स्वतः, आणि ती दुसरीनं नाचायची नाही, विचारल्याशिवाय. "हे माझं आहे" असं म्हणायची सवय मोडलेल्या बायकांना ते नऊ मात्रांवर पहिल्यांदा म्हणता येतं. आणि मग घरी टीव्हीच्या रिमोटवरही म्हणतात, असं त्यांच्या मुलींकडून कळतं.

घुंगरू इथं घ्यायचे, आधी नाही. सुतात ओवलेले, एका पायाला पन्नास पुरे. काही जणी आवाजानं दचकतात. त्यांनी एका पायात बांधून बसल्या बसल्या हलवून बघावं. स्वतःच्या पैशानं घेतले तर बरं. फीसुद्धा मी बाईच्याच हातून घेते, वीस-वीस रुपये करून दिली तरी चालते.

क्लास शोधताना आणि घरी सांगताना

चार प्रश्न विचारा. मध्ये बसलं तर चालेल का? अंगाला हात लावायच्या आधी विचारता का? कोणाला व्हिडिओ काढू देता का? एक दिवस सोबत कोणाला आणलं तर चालेल का? "आमच्याकडे शिस्त आहे" असं उत्तर आलं तर चप्पल घाला. कंबर सरळ करायला मागून हात लावणारी शिक्षिका वाईट असते असं नाही, तिला तसंच शिकवलेलं असतं. पण आपल्याला ते सोसायची गरज नाही. मी माझ्याच अंगावर दाखवते, आणि लावायचाच झाला तर "खांद्याला हात लावू का?" म्हणून विचारते, दर वेळी, जुन्या बाईलासुद्धा.

घरी मात्र एक वाक्य ठरलेलं येतं. "या वयात नाचते काय?" भांडू नका. आपल्या विदर्भात भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघर भुलाबाई बसायची, टिपऱ्या आणि टाळ्यांवर पोरीबाळी, सासुरवाशिणी फेर धरायच्या, आणि गाण्यांत सासरचं सगळं गाऱ्हाणं खुशाल म्हणून घ्यायच्या, वर खिरापत ओळखायची. सासूबाईंना त्यातलं एखादं गाणं म्हणायला सांगा. आमच्या एका सुनेनं हेच केलं. आता सासू शनिवारी येऊन बसते आणि आमचा ठेका संथ आहे म्हणून नाव ठेवते.

गर्दीतला नाच, म्हणजे नवरात्रातला गरबा, विसर्जनाची मिरवणूक, हे सगळ्यांत शेवटी. डीजेचा आवाज छातीवर आदळतो, मागून धक्के बसतात. जायचंच असेल तर एखादी मैत्रीण सोबत, फेराच्या बाहेरच्या कडेला, बाहेर पडायचा रस्ता आधी बघून ठेवलेला. दहा मिनिटं झाली तरी भरपूर. बाहेर पडून तर्री-पोहे खा आणि घरी या.

राहिला स्टेजचा प्रश्न. आठ मार्च जवळ आला की मला फोन येतात. "मॅडम, तुमच्याकडच्या त्या पीडित महिलांचा एक परफॉर्मन्स ठेवू, मस्त इमोशनल होईल." एका ठिकाणी मी गेलेही होते. निवेदिकेनं माइकवरून आमच्या एकीची सगळी कथा सांगितली, नवऱ्याच्या व्यसनापासून, आणि मग म्हणाली, "तर ऐकूया, नव्हे पाहूया!" पडदा उघडायच्या आधीच ती बाई विंगेत भिंतीला पाठ लावून उभी होती. तिनं माझ्याकडे बघून ओठांनी "बस" म्हटलं. आम्ही सामान आवरलं.

तुम्हाला स्वतःला हौस असेल, तुमचं मन म्हणत असेल, तर जरूर नाचा. काळी साडी नेसून रडवणारं काही नको, दुर्गाही कोणी सांगते म्हणून नको. तुमची तिहाई नाचा. निवेदिकेच्या हातात आधीच कागद द्या, त्यावर तीन गोष्टी: नाव, ताल, काय सादर करणार. ती वाचून बघेल आणि विचारेल, "ताई, संघर्षाच्या दोन ओळी टाकू का वरून?"

सांगायचं, नको.